राजेश्वरीची पात

“ह्ये काय हाय, तेवढं सांगा.”

लालासाहेबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवली आणि कागद दोन्ही बाजूंना सारला. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस एरवीही ताठ उभा राहत असे. आज तो जरा जास्तच ताठ होता.

सयाजीने फ्रेमकडे पाहिले. फोटो त्यानेच काढला होता, लालासाहेबांच्या आईचा, बनुबाईंचा. स्टुडिओमागच्या अंगणात, दुपारच्या उन्हात, पांढऱ्या पडद्यापुढे खुर्ची टाकून. डोक्यावरचा पदर नीट घेतलेला, दोन्ही हात मांडीवर, तोंड मिटलेले. चांगला आला होता फोटो.

“काय झालं?”

“कपाळाकडं बघा.”

भुवयांच्या मधोमध, किंचित वर, एक करडा गोल ठिपका होता. कडा पुसट. कुणी हलक्या बोटाने लावलेल्या टिकलीसारखा.

“वडील गेले तवा मी पाळण्यात हुतो,” लालासाहेब म्हणाले. “तवापास्नं माझ्या आईनं कपाळाला बोट लावलं न्हाई. आन् तुमी तिला टिकली लावून दिली. भावकीतली माणसं बसलेली. मंडळींनी कागद काढला आन् सगळी गप. ये क्या मजाक है, सयाजीराव?”

“मी न्हाई लावली.”

“मग कुणी, लॅबवाल्यानं?”

सयाजीने काचेवरून अंगठा फिरवला. ठिपका काचेवर नव्हता. तो आत होता, छापलेला. फ्रेम कराडच्या लॅबमधून आली तेव्हा ती उघडूनही न पाहता त्याने लालासाहेबांच्या हातात दिली होती, हे त्याला आता आठवले. श्रावणापासून तो बऱ्याच गोष्टी उघडून पाहत नसे.

लालासाहेबांची नजर काउंटरमागच्या भिंतीवर गेली आणि त्यांचा आवाज एक पायरी खाली आला. तिथे श्रावणात गेलेल्या बायकोचा, राजेश्वरीचा, फोटो होता. चंदनाच्या कातऱ्यांचा हार घातलेला.

“तुमच्यावर काय बेतलंय ते मला दिसत न्हाई असं न्हाई. पर सोमवारी आईला ऑपरेशनला न्यायचीय. खुब्याचं. ह्या वयात काय भरवसा न्हाई, तिला बी ठाव हाय. जायच्या आदी फोटू भितीला लागलेला बघायचाय म्हणती. लहान पोरावानी हट्ट धरलाय. रविवारी सकाळी घिऊन येतो. दुसरा काढा.”

“काढतो.”

“साफ पायजे.”

“व्हय.”

फ्रेम तिथेच ठेवून ते गेले.

बनुबाईंचा हा हट्ट राजेश्वरीच्या दहाव्याला सुरू झाला होता. फोटोग्राफरच्या बायकोचा धड एकटीचा फोटो घरात सापडला नव्हता. लग्नकार्यात ती सयाजीच्या मागे लाइटची छत्री धरून उभी असे किंवा घरी कॉम्प्युटरपुढे बसलेली असे. शेवटी कुणाच्या तरी हळदीच्या घोळक्यातून तिला कापून काढावे लागले. घाईत कापली. तिच्या डाव्या खांद्याला टेकलेला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा, पिवळ्या साडीतला, तसाच राहून गेला. दहाव्याला आलेल्या बनुबाईंनी फोटोपुढे उभे राहून तो बराच वेळ न्याहाळला होता आणि बाहेर येऊन मुलाला सगळ्यांदेखत सांगितले होते, “माझा आत्ताच काढून ठेव बाबा. मेल्यावर माझ्या खांद्याला कुणाचा खांदा नगं.”

दुपारी सयाजीने शटर अर्धे ओढले आणि आतल्या खोलीत गेला. तिथे राजेश्वरीचा कॉम्प्युटर होता. खुर्चीवर तिने जुन्या इरकलीची शिवलेली उशी होती. तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच वाकून त्याने माउस धरला.

रोलचा जमाना संपून डिजिटल आले तेव्हा सयाजी गांगरला होता. राजेश्वरी गांगरली नाही. ती रानातल्या कामात वाढलेली. उंब्रजच्या क्लासात कॉलेजच्या पोरींबरोबर बसून तिने कॉम्प्युटर शिकून घेतला आणि तेव्हापासून फोटो काढणे सयाजीचे, फोटो ‘करणे’ तिचे, अशी वाटणी झाली. तिची करण्याची पद्धत तिचीच होती. एक फोटो ती इतका मोठा करी की पडद्यावर नवरीचे कपाळही मावत नसे. मग डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून उजव्या कडेपर्यंत जाई, थोडी खाली उतरे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. रानात भांगलायला बसलेली बाई आपल्या वाट्याची पात, म्हणजे पिकाच्या ओळींचा पट्टा, धरून सरकत जाते, तशी. काही दिसले की तिथे माउस टेकवायचा, तण उपटायचे, पुढे व्हायचे. जेवणासाठी हाक आली की म्हणायची, “आवं, एवढी पात काढते, मग भाकऱ्या टाकते.” सयाजी हसायचा. लग्नाच्या अल्बममध्ये कसले आलेय तण, असे त्याला वाटायचे.

त्याने बनुबाईंचा मूळ फोटो उघडला. ठिपका होता. त्याआधीचा एक उघडला, बारशाचा. घरातला फोटो, फ्लॅश मारून काढलेला. त्यात पुसट, शोधले तर दिसेल असा. उन्हात भिंगाचे छिद्र बारीक ठेवावे लागते, आणि छिद्र जितके बारीक तितका कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरचा कण ठळक उमटतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणजे धूळ आत गेली होती. एवढेच.

मग त्याने राजेश्वरी असतानाचा एक अल्बम उघडला. प्रत्येक कामाचे ती दोन भाग ठेवत असे, ‘आलेले’ आणि ‘झालेले’. झालेले सगळे स्वच्छ होते. त्याने आलेले उघडले.

आडव्या फोटोत डाव्या कडेपासून थोडे आत, उभ्या फोटोत वरच्या भागात बरोबर मध्ये, तोच ठिपका. नवरदेवाच्या फेट्यावर. मंडपाच्या झालरीवर. आभाळात. एका म्हाताऱ्याच्या गालावर. त्याच्या आधीच्या लग्नात तोच. त्याच्याही आधीच्या वर्षी तोच. सयाजी मागे मागे जात राहिला. कुठे मुंज, कुठे वास्तुशांत, कुठे साखर कारखान्याचा गळीत हंगाम. आलेल्यात ठिपका, झालेल्यात नाही.

तो कडेगावच्या एका लग्नापाशी येऊन थांबला. त्या लग्नाचे पहिले काही फोटो स्वच्छ होते, नंतरच्यांत ठिपका होता. मंडपापलीकडच्या उसाचे पाचट कुणीतरी पेटवले होते आणि काळी काजळी वाऱ्यावर येऊन पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर बसत होती. सयाजीने तिथेच, उघड्यावर, लेन्स बदलली होती. छत्री धरून उभी असलेली राजेश्वरी म्हणाली होती, “आवं, गाडीत बसून बदला की.” तो म्हणाला होता, “काय हुतंय.”

त्यानंतर तिने त्याविषयी एक शब्द काढला नव्हता.

काहीतरी वाटायला हवे होते. सयाजीने वाट पाहिली. मग कॉम्प्युटर बंद केला आणि शटर वर ढकलून पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या माणसाला स्टुलावर बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅमेरा घेऊन मानसिंगच्या गॅरेजवर गेला. मानसिंग त्याचा शाळेपासूनचा मित्र. हायवेच्या कडेला त्याचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज होते, आणि जगात जे जे चालत नाही ते ते कुठेतरी चोंदले आहे, असे त्याचे ठाम मत होते.

“आत कचरा हाय म्हणतोस? मग हवा मारायची. हाय काय त्यात?”

“नाजूक असतंय रं ते.”

“ट्रॅक्टरचा एअर फिल्टर नाजूक नसतोय व्हय? रोज मारतोय. ऊसवाल्यांची ट्रॅक्टरं बघ एकदा, निम्मं रान आत घिऊन येत्यात.” मानसिंगने कॉम्प्रेसरची नळी ओढली. “प्रेशर कमी ठेवतो, घाबरू नगंस. लाज वाटंल असं हळू मारतो.”

“राजी असती तर मारू दिलं नसतं.”

हे वाक्य सयाजी अगदी सपाट बोलला. पाऊस नाही, पेट्रोल महाग झाले, तसे. मानसिंगचा हात जागीच थांबला.

“मग नगं मारू?”

सयाजीने मेनूतून आतला आरसा वर केला. पडदा सरकून सेन्सर उघडा पडला. “मार,” तो म्हणाला. “परवाच्याला काम हाय.”

फुस्स करून हवा आत गेली. दोघांनी वाकून पाहिले. काही दिसले नाही.

“झालं की! काय आभाळातलं इमान दुरुस्त करायचं हुतं व्हय?” मानसिंग म्हणाला आणि चहा सांगायला ओरडला.

सयाजीने लेन्स लावून आभाळाचा एक फोटो काढला आणि छोट्या पडद्यावर मोठा करून पाहिला. जुना ठिपका जागच्या जागी होता. त्याच्या भोवती आता बारीक गोल गोल वर्तुळे पडली होती, तव्यावर तेलाचे शिंतोडे उडावेत तशी. कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो. ही गोष्ट मानसिंगलाही माहीत होती. ट्रॅक्टरला त्याने बिघडत नाही, इतकेच.

मानसिंगने ते पाहिले. त्याचे तोंड उतरले. “आयला,” तो म्हणाला. “सया, माझ्यामुळं—”

“मीच मार म्हटलं.”

“सांगलीला लेकीकडं, संयोगिताकडं जा. तिला कळंल. तिच्या लॅबमदी भिंगंबिंगं असत्यातच.” मग थोडे थांबून, “राजीवैनी काय म्हणाली असती रं?”

“काय न्हाई. बसली असती काढत.”

चहा आला. दोघांनी तो उभ्यानेच प्यायला.

शनिवारी सयाजी एसटीने सांगलीला गेला. पिशवी मांडीवर होती. त्याची मुलगी संयोगिता विश्रामबागेत राहत होती आणि तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. वाटेत ठिकठिकाणी उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या लागल्या, गाडी अडकली, सुटली. त्याने बाहेर पाहिले आणि काही पाहिले नाही.

संयोगिताने हाफ डे घेतला होता. जेवण झाल्यावर ती त्याला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने एक फोटो पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“तेल गेलंय आत. कुठं हवा मारली?”

“ट्रॅक्टरच्या गॅरेजात,” सयाजी म्हणाला.

दुकानदाराने संयोगिताकडे पाहिले. तिने दुसरीकडे पाहिले.

“ठेवून जावा. आठवडा लागेल. लग्नसराई आहे, सगळ्यांचेच आलेत.”

“सोमवारच्या आत पायजे.”

“मग घरी करा. साहित्य देतो. पण हात हलला आणि ओरखडा पडला तर माझ्याकडं येऊ नका. मग कुणाकडंच येऊन उपयोग नाही.”

सेन्सरच्याच रुंदीच्या, एकेक पाकिटात बंद असलेल्या चपट्या कापडी काड्या आणि थेंबाथेंबाने सोडायच्या द्रवाची बाटली घेऊन दोघे घरी आली. संयोगिताने टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि लॅबमधली काचेची पट्टी समोर ठेवून त्याला शिकवले.

“काडीच्या टोकाला दोनच थेंब, अण्णा. ओली किच्च करायची नाही. एका कडेला टेकवायची, एका दमात पलीकडे न्यायची. मध्ये थांबायचं नाही. काडी उलटी करायची, तसंच परत यायचं. आणि ती काडी टाकून द्यायची. वापरलेली पुन्हा आत घालायची नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी.”

त्याने पट्टीवर करून पाहिले.

“जोर देताय. पुन्हा.”

त्याने पुन्हा केले.

“इथंच करूया ना आत्ता. मी करते. माझा हात बसलाय.”

“घरी करतो.”

“का?”

सयाजीने काचेची पट्टी पुसून तिच्यापुढे सारली. संयोगिताने बाटलीचे झाकण लावले, काढले, पुन्हा लावले.

“अण्णा, इकडंच या ना राहायला. तिथं एकटं काय करायचं? आणि फोटो आता सगळे मोबाइलवर काढतात.”

“बनुकाकीचा काढायचाय.”

“तो काढा. त्यानंतर म्हणते मी.”

सयाजीने वर्तमानपत्राची घडी घातली. मग सहज विचारावे तसे विचारले, “तुझ्या आईला ठाव हुतं. ठिपक्याचं.”

संयोगिताने बाटली खाली ठेवली. “हो,” ती म्हणाली. “मला सांगितलं होतं तिनं. कधीतरी फोनवर.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“मी तेच विचारलं. तर म्हणाली...” संयोगिताच्या ओठांच्या कडा हलल्या, ते हसू होते की दुसरे काही, हे तिलाही कळले नसावे. “म्हणाली, सांगितलं तर ते कॅमेरा उचलतील आणि मानसिंगभावजींच्या गॅरेजवर जाऊन हवा मारून आणतील.”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“एक ठिपका काढायला कितीसा वेळ लागतो, म्हणाली.”

सयाजीने मान हलवली. कॅमेरा पिशवीत घातला, काड्यांची पाकिटे वरच्या कप्प्यात ठेवली आणि पाचची गाडी मिळेल का, असे विचारले.

रविवारी तो उठला तेव्हा पलीकडच्या रानात पाचट पेटले होते आणि हवेत तसाच वास होता. त्याने स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद. फरशीवर पाणी शिंपडले, धूळ खाली बसावी म्हणून. ओट्यावरचे डबे कडेला सारले, कोरडे फडके अंथरले आणि कॅमेरा त्यावर तोंड वर करून ठेवला. बॅटरी पूर्ण भरलेली होती. मध्येच संपली तर वर गेलेला आरसा काडीवर येऊन आपटतो. लेन्स काढली. आरसा वर गेला. मोबाइलचा दिवा त्याने साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

सेन्सर तळाशी होता, एका अंगठ्याएवढा. उजेडात तो निळसर-जांभळा दिसत होता, कबुतराच्या मानेसारखा. कितीतरी वर्षे हा कॅमेरा हातात होता, पण इतके वाकून आत त्याने कधी पाहिले नव्हते. ठिपका डोळ्याला दिसत नव्हता. तेलही दिसत नव्हते. जे फोटोत एवढे मोठे होते ते इथे नव्हतेच.

त्याने पहिले पाकीट फोडले. दोन थेंब. कडेला टेकवली, पलीकडे नेली, उलटली, परत आणली. हात हलला नाही. दहाव्यालाही त्याचा हात हलला नव्हता; पाहुणे त्याबद्दल आपसांत बोलले होते. काडीच्या टोकावर पिवळट डाग आला. ती टाकली. दुसरीवर डाग फिका होता. तिसऱ्या काडीच्या कोपऱ्यावर दिसेल न दिसेल असे काळे काहीतरी होते. कापडाचा धागाही असेल. त्याने ती दिव्यापाशी धरली, क्षणभर पाहिली आणि केराच्या डब्यात पहिल्या दोन्हींवर टाकली. त्यांच्याखाली भाजीची देठे होती.

लेन्स लावून तो अंगणात आला. पडद्याचे कापड दोरीवर बांधले होते. छिद्र अगदी बारीक करून त्याने नुसत्या पडद्याचा एक फोटो काढला. छोट्या पडद्यावर पांढरे दिसले. उन्हात नीट कळेना. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

बनुबाई काठीवर रेलत, मुलाच्या दंडाला धरून आल्या. हातात कापडी पिशवी.

“आलो बाबा. कपाळ घासून आलेय आज. बघ, काय ऱ्हायलंय का.”

“आये,” लालासाहेब म्हणाले.

“आये काय? त्याला काम करू दे. तू जा, गाडी वळवून लाव. मगापास्नं पलीकडचा भोंगा वाजीवतोय.”

खरेच कुणीतरी हॉर्न वाजवत होते. लालासाहेब गेले. सयाजीने म्हातारीला खुर्चीवर बसवले, काठी नजरेआड ठेवली, पदराची घडी सारखी केली.

“सयाजी.”

“काय काकी?”

“आदीचा फोटू टाकलास का रं?”

“न्हाई. आत हाय.”

बनुबाई पडद्याच्या कडेकडे, गाडी गेली त्या बाजूला पाहत होत्या. “लालासायब चिडला. त्याचं बी बरूबर हाय. चार माणसांत...” त्या थांबल्या. “तुझ्याकडं आणायच्या आदी सांजच्याला घरात कुणी नव्हतं. मी उजेडाला धरून बघितला.” त्यांनी मांडीवरचा हात उचलून कपाळाकडे नेला आणि न टेकवताच खाली आणला. “बरी दिसत हुते.”

सयाजीने त्यांच्या पायाशी आलेली पडद्याची कड मागे सारली.

“दे मला त्यो. काच नगं, नुसता कागद. आन् पोराला बोलू नगंस.”

तो आत गेला. फ्रेमच्या मागचे खिळे वाकवून फोटो सोडवला, गुंडाळी केली, रबर लावले. बाहेर येऊन पिशवीत घातला. बनुबाईंनी पिशवीचे तोंड आवळले आणि मग स्टुडिओच्या उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे पाहिले.

“तिच्या खांद्याचं तेवढं काढ रं आता. बरं दिसत न्हाई.”

“मला येत न्हाई ते. तीच करायची.”

“मग शीक की. हातपाय धड हायत तुझं, खुबा माझा गेलाय.”

लालासाहेब परत आले. सयाजी कॅमेऱ्यामागे उभा राहिला. “काकी, हिकडं बघा,” तो म्हणाला, आणि बनुबाईंनी बघितले. मिटलेले तोंड, रिकामे कपाळ, मांडीवर हात. मांडीखाली लपवलेल्या पिशवीचा एक बंद दिसत होता. तो त्याने पुढे होऊन आत सारला. तीनदा बटण दाबले.

“साफ हाय?” लालासाहेबांनी विचारले.

“बघून सांगतो. सांजच्याला फ्रेम घरी आणून देतो.”

लालासाहेबांनी हात पुढे केला, सयाजीने तो हातात घेतला. म्हातारी गाडीत बसेपर्यंत तो दारात उभा होता.

कराडची लॅब लग्नसराईत रविवारीही उघडी असते. निघायच्या आधी फोटो पाहायला हवा होता. आतल्या खोलीत त्याने कार्ड कॉम्प्युटरला लावले आणि माउस धरायला वाकला. मग खुर्ची ओढून बसला. इरकलीची उशी खाली दबली. मध्ये तिला एक खोलगा पडलेला होता, त्याच्या मापाचा नसलेला.

कार्डावर सगळ्यात आधी पडद्याचा फोटो होता. तो त्याने उघडला. पांढरे. मोठा केला. आणखी मोठा केला. ती करायची तितका. कापडाची वीणसुद्धा उमटली नव्हती, फोकस मुद्दाम हलवलेला होता. त्याने डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. हळूहळू उजव्या कडेपर्यंत गेला. थोडा खाली उतरला. पुन्हा डावीकडून. हाताला सवय नव्हती, बाण पुढे धावायचा, मग मागे यावे लागायचे. दुसरी पात झाली. तिसरी झाली. काढण्यासारखे काही लागले नाही.

बाहेर कुणीतरी “सयाजीराव, पासपोर्ट हाय का?” म्हणून हाक मारली.

“आलो,” तो म्हणाला. “एवढी पात काढतो.”

हाक मारणाऱ्याला ते ऐकू गेले नसावे. त्याने पुन्हा हाक मारली नाही.

पाती उतरत उतरत फोटोच्या निम्म्या उंचीवर आल्या. डाव्या कडेपासून थोडे आत, जिथे तो ठिपका असायचा, तिथे सयाजीने बाण थांबवला. पांढऱ्यावर पांढरे होते. त्याने तिथे माउस टेकवला, एकदा बटण दाबले, आणि पुढे सरकला.